अकरा जण, एक खोली, साठ मिनिटं

सुट्टीत दुसरं शहर बघायला निघालेल्या मंडळींकडून यंदा हॉटेल आणि गाडीच्या बरोबरीने एस्केप रूमबद्दल प्रश्न आले आहेत. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एखादी गोष्ट रचून सजवलेल्या खोलीत टीम आत जाते, दार लागतं, भिंतीवरचं घड्याळ उलटं मोजू लागतं. खोलीतल्या वस्तू हुडकायच्या, कोडी सोडवायची, एकामागून एक कुलपं उघडायची आणि वेळ संपायच्या आत बाहेर पडायचं. वेळ बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं असते.

आम्ही तीन कुटुंबं मिळून अकरा जण डिसेंबरात बंगळुरूला जातोय. वयं ९ ते ६८. मुलांनी एस्केप रूमचा हट्ट धरलाय. सगळ्यांना एकाच खोलीत जाता येईल का?
– एक वाचक, नाशिक

जाऊ नका, कुणी ‘जमवून घेऊ’ म्हणालं तरी. बुकिंगच्या पानावर ‘२ ते ८ जण’ असं लिहिलेलं असतं. त्यातला आठ हा खोलीत माणसं किती मावतात त्याचा आकडा. एका वेळी सोडवण्याजोगी कोडी दोन-तीनच समोर असतात आणि एका कोड्यावर दोघं, फार तर तिघं वाकू शकतात. पाचवा मागून ‘काय झालं, काय झालं’ विचारत राहतो आणि सातवा मोबाइल बाहेर जमा केलाय म्हणून हळहळत कोपऱ्यात उभा राहतो. चार जण उत्तम. पाच चालतात. तिघांत धावपळ होते, पण मजा जास्त येते.

म्हणून ४, ४ आणि ३ अशा टीम करा. घराप्रमाणे मात्र वाटू नका. एका घरातली माणसं तिथेही घरातल्यासारखीच वागतात: एक जण सांगतो, बाकीचे ऐकतात आणि पोराला सापडलेला क्लू कुणी बघतच नाही. प्रत्येक टीममध्ये एखादं मूल असू द्या, त्याची नजर टेबलाखाली आणि खालच्या कप्प्यांत आपसूक जाते. शिवाय इंग्रजी भराभर वाचणारा एक आणि घाई न होणारा एक. हे तीन गुण तीन वेगवेगळ्या माणसांत असले तर फारच छान.

पैसे भरण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. एकाच वेळी तीन खोल्या मिळतील का? एकाच खेळाच्या दोन सारख्या खोल्या आहेत का? (असल्या तर शर्यत लावता येते आणि नंतर बोलायला विषय एकच राहतो.) नऊ वर्षांच्या मुलाला चालतं का, आणि त्याचे पूर्ण पैसे लागतात का? आणि खोली फक्त आपल्याच टीमसाठी आहे ना? आपल्याकडे ती बहुधा तशीच देतात. अमेरिकेत मात्र काही ठिकाणी सिनेमासारखी माणशी तिकिटं विकतात आणि उरलेल्या जागांवर अनोळखी माणसं येतात.

तिन्ही खोल्या एकाच घटकेला सुरू होतील असं धरून चालू नका. नियम समजावून सांगणारा माणूस एकच असेल तर टीममागे दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी चोरी, तपास किंवा खजिना अशा विषयाची मधल्या अवघडपणाची खोली घ्यावी. ‘फक्त १० टक्के लोक सुटतात’ ही पाटी जाहिरात समजून सोडून द्या.

दार खरंच बाहेरून बंद करतात का? वडिलांना पेसमेकर आहे, आणि मला स्वतःला बंद जागेत घाबरायला होतं.
– एक वाचक, कोल्हापूर

चांगल्या ठिकाणी दार कडी-कुलपाने बंद करत नाहीत. चौकटीला विद्युतचुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी असते, तिला मॅगलॉक म्हणतात. वीज चालू आहे तोवर चुंबक दार धरून ठेवतो. वीज गेली की पकड सुटते आणि दार ढकलल्यावर उघडतं. दाराशेजारी लाल किंवा हिरवं बटण असतं, ते दाबल्यावरही तेच होतं. काही ठिकाणी तर दार नुसतं लोटलेलं असतं आणि खेळ असतो तो शेवटची किल्ली शोधण्याचा.

पण ‘चांगल्या ठिकाणी’ हे शब्द महत्त्वाचे. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधल्या कोशालिन या गावी एका एस्केप रूमला आग लागून वाढदिवसासाठी गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली दगावल्या. आग खोलीत नव्हती, बाहेर स्वागताच्या जागेत होती, तिथे गॅसचा हीटर होता. बाहेर पडायचा रस्ता त्या आगीतूनच जात होता, दुसरी वाट नव्हती आणि धूर कोंडला. त्यानंतर पोलंडभर अशा खोल्यांची तपासणी झाली आणि पुष्कळ बंद केल्या गेल्या. आपल्याकडेही २०२४च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीनंतर हाच प्रश्न ऐरणीवर आला.

तेव्हा आत जाण्याआधी काउंटरवरच विचारा: ‘वीज गेली तर दार कसं उघडतं? दाखवा.’ दाखवायला दहा सेकंद लागतात. टाळाटाळ झाली तर पैसे गेले तरी चालतील, परत फिरा. खोलीतून रस्त्यापर्यंतची वाट जाताना नजरेखालून घाला. जिन्यात खोकी रचलेली आहेत का, मधलं शटर ओढलेलं आहे का? कॅमेऱ्यावर तुम्हाला बघणारा गेम मास्टर खेळभर जागेवर असतो की तोच बाहेर नवीन गिऱ्हाइकांची बिलंही करतो? हातात बेड्या घालून सुरू होणारा खेळ असेल तर त्या किल्लीशिवाय सुटतात ना, हे करून बघा.

वडिलांबद्दल: कोड्यांत आणि दारांत चुंबक असतात. पेसमेकरपासून जोरदार चुंबक निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे दाराच्या पट्टीला छाती टेकवायची नाही आणि चुंबकाचे ठोकळे शर्टाच्या खिशात टाकायचे नाहीत. तरीही त्यांच्या डॉक्टरांना आधी विचाराच. लुकलुकणारे दिवे आणि अचानक मोठे आवाज आहेत का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा. फिट येणाऱ्या माणसासाठी लुकलुकणारे दिवे असलेली खोली नकोच.

तुमच्या भीतीचं म्हणाल, तर दोन-तीन खोल्या एकमेकींत उघडणारा खेळ मागा आणि ‘मला मधेच बाहेर यावंसं वाटलं तर’ हे गेम मास्टरला आधी सांगून ठेवा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, त्यांना हे रोजचं आहे.

आकडा बरोबर असूनही कुलूप उघडलं नाही आणि वीस मिनिटं तिथेच गेली. कुलूप बिघडलेलं असावं का?
– एक वाचक, पुणे

असू शकतं. पण बहुतेक वेळा कारण दुसरं निघतं, आणि ते कुलपाच्या जातीवर ठरतं.

आकड्यांच्या चकत्यांचं कुलूप असेल तर आधी बाजूची रेघ किंवा बाण शोधा. आकडे त्या रेघेवर यावे लागतात. मंद उजेडात लोक ते मधोमध दिसतील असे लावतात आणि रेघ राहते कडेला. चकत्या अर्ध्यावर अडकलेल्या नाहीत ना तेही बघा. मग वरची दांडी एकदा आत दाबा आणि नंतर ओढा. जुनं, रोज शंभरदा हाताळलेलं कुलूप नुसतं ओढलं तर अडतं.

दुसरी चूक क्रमाची. समजा, चित्रात ३ लाल पक्षी, ५ निळे, १ पिवळा आणि ८ हिरवे आहेत. आकडे मिळाले, पण कुठला आधी? अशा वेळी पुन्हा चित्राकडे धावू नका, कुलपाकडे बघा. त्याच्या वर, कडीवर किंवा पेटीच्या झाकणावर चार रंगीत ठिपके असतात, तोच क्रम. ते सापडलेच नाहीत तर चार वेगवेगळ्या आकड्यांचे २४ क्रम होतात, तीन आकड्यांचे फक्त ६. सहा वेळा फिरवून बघायला एक मिनिट पुरतं. चारपैकी तीन आकडे जागेसकट पक्के असतील तर चौथी चकती दांडीवर हलका ताण ठेवून फिरवा, दहाच शक्यता आहेत. चारही आकडे अंदाजाने लावायचे तर मात्र दहा हजार, त्या फंदात पडू नका.

अक्षरांच्या कुलपात प्रत्येक चकतीवर इंग्रजी वर्णमालेतली सगळी अक्षरं नसतात, बहुधा दहाच असतात. याचा फायदा घ्या. तुमच्या शब्दाचं तिसरं अक्षर तिसऱ्या चकतीवर नसेलच, तर शब्द चुकला. वाद संपला.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते दिशांचं कुलूप. मधे एक गोटी असते, ती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवायची. याच्या पोटात आधीची प्रत्येक हालचाल साठून राहते. तुम्ही एकदा चुकलात आणि तशीच बरोबर खूण केली, तर कुलपाच्या लेखी ती चुकीच्या खुणेची पुढची पायरी. म्हणून प्रत्येक प्रयत्नाआधी दांडी दोनदा घट्ट आत दाबायची, त्याने आधीचं पुसलं जातं. गोटी प्रत्येक वेळी टोकापर्यंत न्यायची आणि मधे परत येऊ द्यायची. एकाने दिशा मोठ्याने वाचायच्या आणि दुसऱ्याने सरकवायच्या. वाचणाराच सरकवू लागला की पाचव्या-सहाव्या खुणेला हमखास घोळ होतो.

आणि काही वेळा कुलूपच नसतं. पुतळे ठरलेल्या जागी ठेवले की कुठेतरी ‘टक्’ असा आवाज होतो आणि काही दिसत नाही. चुंबकाने धरलेला खण सुटलेला असतो, पण आपणहून पुढे येत नाही. आवाज ऐकू आला की सगळ्यांनी सगळे खण, कपाटं आणि भिंतीतल्या फळ्या पुन्हा ओढून बघायच्या. आत चिप बसवलेली वस्तू असेल तर ती सपाट ठेवा आणि दोन-तीन सेकंद हलवू नका. घाईत उचलली की खाली लपवलेल्या यंत्राला ती चिप वाचता येत नाही.

जोर मात्र कुठेही लावू नका. दोन बोटांनी हलत नसेल तर ते खेळात नाही, असं धरा. आकडा, रेघ आणि क्रम तिन्ही तपासूनही कुलूप ढिम्म असेल तर गेम मास्टरला सरळ विचारा, ‘आमचा आकडा अमुक आहे, कुलूप अडलंय का?’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी हिंट धरत नाहीत.

शेवटच्या दिवशी सकाळी ११ला हॉटेल सोडायचं आणि रात्री ९ची गाडी. मधे एस्केप रूम बसवता येईल का? सामान सोबत आहे.
– एक वाचक, ठाणे

बसेल, पण ६० मिनिटांचा खेळ म्हणजे दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास धरा. पोचणं, संमतिपत्रावर सह्या, मोबाइल लॉकरमध्ये, नियम सांगणं यात वीस मिनिटं. खेळ साठ मिनिटं. नंतर राहिलेली कोडी गेम मास्टर समजावून देतो, फोटो होतात, पाणी पिऊन होतं.

उशीर मात्र परवडत नाही. तुमच्या आधी आणि नंतरही टीम असते आणि मधल्या वेळात तिथल्या माणसांना प्रत्येक कुलूप पुन्हा लावून, प्रत्येक चिठ्ठी जागेवर ठेवून खोली मांडायची असते. तुम्ही पंधरा मिनिटं उशिरा गेलात तर ती तुमच्या साठातून जातात. म्हणून संध्याकाळची वेळ घेऊ नका, दुपारी १ किंवा २ची घ्या. तेव्हा रस्तेही जरा बरे असतात आणि सोमवार ते गुरुवार दरही बऱ्याच ठिकाणी कमी असतो.

लॉकर मोबाइल-पर्सपुरते असतात. ट्रॉलीबॅगा हॉटेलातच मागे ठेवा किंवा स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये टाका. भरपेट थाळी जेवून जाऊ नका, अर्ध्या तासात डोळे मिटायला लागतात. मुलांना आधी स्वच्छतागृहात नेऊन आणा, कारण मधेच बाहेर आलात तरी घड्याळ थांबत नाही.

युरोपच्या सहलीत बुडापेस्टला दोन मोकळ्या संध्याकाळी आहेत. तिथल्या एस्केप रूम प्रसिद्ध आहेत म्हणे. आपल्यापेक्षा काय वेगळं?
– एक वाचक, डोंबिवली

हा खेळ सुरू झाला जपानात, २००७ साली क्योटोमध्ये. ताकाओ कातो यांच्या स्क्रॅप या कंपनीने संगणकावरचा ‘खोलीतून सुटा’ हा खेळ खऱ्या माणसांसाठी मांडला. युरोपात त्याचं रोप लागलं ते बुडापेस्टमध्ये. २०११ साली अत्तिला ग्युर्कोविच यांनी तिथे पॅरापार्क काढलं आणि पुढच्या काही वर्षांत शहरभर अशा खोल्या झाल्या. त्याचं कारण शहराच्या बांधणीत आहे. पेश्त भागात मधे चौक असलेल्या जुन्या, आपल्या वाड्यांची आठवण यावी अशा चार-पाच मजली इमारती आहेत, त्यांची तळघरं आणि कितीतरी घरं रिकामी पडून होती. जागा स्वस्त, भिंती खऱ्या विटांच्या, त्यामुळे सजावटीचा अर्धा खर्च वाचला.

खेळणाऱ्याला यातून कळायच्या गोष्टी अशा. रस्त्यावर मोठी पाटी असेलच असं नाही. इमारतीच्या बंद फाटकावर बेलच्या बटणांची पट्टी असते, त्यातलं नेमकं बटण बुकिंगच्या मेलमध्ये दिलेलं असतं. तो मेल मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. तळघराला उतरायला अरुंद जिना असतो आणि लिफ्ट नसते, गुडघे दुखणाऱ्यांसाठी वरच्या मजल्यावरची खोली निवडून तिथे लिफ्ट आहे का ते विचारा. उन्हाळ्यातही खाली गारवा असतो, अंगात पातळ स्वेटर ठेवा. बऱ्याच ठिकाणी दर माणशी नसून टीमला असतो, म्हणजे दोघांना महाग आणि पाच जणांना स्वस्त. इंग्रजीत खेळ मिळतो, पण बुक करताना भाषा निवडायला विसरू नका.

एक बारकावा लक्षात ठेवा. हंगेरीत तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहितात आणि आडनाव आधी येतं. जुन्या पत्रावरच्या तारखेतून चार आकडी कोड काढायचा असेल तर आपण सवयीने दिवस आधी लावतो. तो चालला नाही तर महिना आधी लावून बघा.

आई-बाबांना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांना नेलं तर ते नुसते बसून राहतील का?
– एक वाचक, सोलापूर

खोलीतलं निम्मं काम वाचायचं नसतंच. शोधायचं, मोजायचं, जोड्या लावायच्या, काय कुठे पाहिलं ते आठवायचं असतं. धान्य निवडलेल्या हाताला आणि नजरेला हे काम उत्तम जमतं. फक्त ते नावानिशी सोपवा. ‘तुम्हीही बघा हं’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

पहिली पाच मिनिटं कोडं सोडवायला बसू नका, खोली झडतीला घ्या. दारापासून डावीकडून उजवीकडे, खालून वर, एकाला एक भिंत. खणाचा तळ, खणाची मागची बाजू, गादीखाली, गालिच्याचे कोपरे, कोटांचे खिसे, पुस्तकांची पानं. विजेचे बोर्ड, छत आणि ‘हात लावू नका’ असं चिकटवलेल्या वस्तू खेळाबाहेर असतात. सापडेल ते खिशात घालायचं नाही, मोठ्याने सांगून टेबलावर ठेवायचं: ‘छोटी किल्ली, पितळी.’ ‘निळा ठोकळा, खाली चार ठिपके.’ खोलीत अडकलेल्या टीम बहुधा कोड्याला शरण गेलेल्या नसतात, एकाच्या खिशातल्या वस्तूला दुसऱ्याच्या हातातलं कुलूप भेटलेलं नसतं, एवढंच.

आई-बाबांपैकी एकाला या टेबलाची मालकी द्या. टेबलाच्या डाव्या टोकाला न वापरलेलं, उजवीकडे वापरून झालेलं. किल्ली बहुतेक खेळांत एकदाच लागते, ती उघडलेल्या कुलपातच राहू द्यायची. दहा मिनिटांनी कुणी विचारलं, ‘ती त्रिकोणी चकती वापरली का?’ तर उत्तर त्यांच्याकडे असलं पाहिजे.

वाचायचा चष्मा खिशात हवाच. उजेड कमी असतो आणि जांभळ्या टॉर्चमध्ये उमटणारी अक्षरं बारीक असतात. बसायला एक साधी खुर्ची आत ठेवा म्हणून सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ठेवतात. फक्त ती खेळातली नाही हे टीमला कळू द्या, नाहीतर कुणीतरी ती उलटी करून तपासत बसतं.

हिंट घेतली तर हरल्यासारखं नाही का?
– एक वाचक, रत्नागिरी

नाही. काही ठिकाणी तीन हिंट मिळतात, काही ठिकाणी हव्या तितक्या. जास्तीच्या हिंटला वेळ कापतात का ते आधी विचारा. एका कोड्यावर पाच मिनिटं गेली आणि नवीन काही सुचलं नाही की आधी माणूस बदला. आणखी दोन मिनिटं गेली की हिंट मागा. ‘आता काय करू?’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं. ‘घड्याळ ४.३५ला थांबलंय, ते आम्ही पेटीला लावलं, उघडलं नाही’ असं विचारा. हिंट राखून ठेवून शेवटच्या पाच मिनिटांत तिन्ही वापरणाऱ्यांना त्यांचा उपयोग होत नाही, कारण मागे अजून चार कुलपं उरलेली असतात.

मुलांना भुताची खोली हवीय. धाकटी सात वर्षांची आहे.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

धाकटीला नेऊ नका. अशा काही खोल्यांत अंधारातून माणूस अंगावर येतो. सात वर्षांच्या मुलीला तो नट आहे हे सांगून उपयोग होत नाही. मोठ्यांना जायचं असेल तर ‘आत नट असतो का, तो हात लावतो का?’ हे विचारून ठेवा. तेवढा वेळ धाकटीजवळ एक मोठा माणूस बाहेर थांबवा, त्याचे पैसे बुकिंगमध्ये भरू नका.